आबांच्या नावावरचं खातं

विकत घेतलेला गेम खेळायला आधी दुकान उघडावं लागतं, हे मला आजतागायत पटलेलं नाही. आपण गेमच्या चित्रावर क्लिक करतो आणि उघडतो विकणाऱ्याचा प्रोग्राम. मुलं त्याला लाँचर म्हणतात. तो आधी स्वतःला अपडेट करून घेतो, मग नव्या गेमांच्या जाहिराती दाखवतो, मग तुम्ही कोण ते विचारतो, आणि हे सगळं त्याच्या मनासारखं झालं की आपलाच गेम आपल्याला खेळू देतो. उद्या दुकानातून मिक्सर आणला आणि दर वेळी चटणी वाटायच्या आधी दुकानदाराला फोन करून ‘मीच बोलतेय, वाटू का?’ असं विचारायची पाळी आली, तर मी तो मिक्सर त्याच्या दारात नेऊन आपटेन. गेमच्या बाबतीत मात्र सगळे मुकाट्याने विचारतात.

धुळ्यात देवपूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. तिथल्या पोरांशी या विषयावर माझं कायम वाजायचं. त्यांचं म्हणणं, मॅडम, लाँचर नसेल तर अपडेट कोण देणार? मशीन बिघडलं तर साठवलेला खेळ, म्हणजे सेव्ह, कुठून परत आणणार? मी म्हणायची, मी पैसे मोजलेत, वस्तू माझ्या हातात द्या आणि चालते व्हा. सेव्हचं माझं मी बघेन. बोलणं असं ठासून की पोरं गप्प बसायची. हल्ली मी त्यांच्यात पडत नाही. कारण हल्ली वाक्य सुरू केलं की मध्येच मला कळेनासं होतं, मी नेमकी कोणाच्या बाजूने बोलतेय.

आमचं गाव बोदवडजवळ. घरात कॉम्प्युटर आला तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या भावाच्या हट्टामुळे. तो ठेवला पुढच्या खोलीत, आणि पुढची खोली म्हणजे हंगामात कापूस भरायची खोली. भाव चढेपर्यंत कापूस तिथेच पडून राहायचा, छताला टेकायचा. आम्ही त्या ढिगात बसण्यापुरती जागा उकरायचो आणि खेळायचो. पाठीला कापूस, डोक्यात कापूस, नाकात कापूस. भाऊ जळगावला गेला की वर्तमानपत्रात गुंडाळून एखादी सीडी आणायचा. सीडी घातली की खेळ सुरू. तेव्हा कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. पण ते तंतू सीडीच्या कप्प्यात जाऊन बसले आणि एका हंगामात तो कप्पा कायमचा मिटला. दुरुस्तीवाला म्हणाला, असं मशीन मी आजवर पाहिलं नाही, याच्यातून सरकी निघेल.

मग भावाने इंटरनेटवरून गेम घ्यायचं ठरवलं. त्यासाठी लाँचरमध्ये खातं उघडणं आलं. खातं कोणाच्या नावाने उघडायचं, हा प्रश्न आमच्या घरात पडलाच नाही. गॅसचं कनेक्शन आबांच्या नावावर, विहिरीवरच्या मोटारीचं मीटर आबांच्या नावावर, टीव्हीची छत्री आबांच्या नावावर. आमच्याकडे कोणतीही नवी गोष्ट घरात आली की ती वडीलधाऱ्याच्या नावावर चढते, मग ती वापरो कोणीही. भावाने आबांचं पूर्ण नाव घातलं, आबांची जन्मतारीख घातली, आबांचा मोबाइल नंबर घातला. मीही शेजारी बसून स्पेलिंग सांगितलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आबांना कॉम्प्युटर चालू कुठून करतात हेही माहीत नव्हतं.

नव्या मशीनवर खातं उघडलं की लाँचर एक कोड पाठवायचा. तो जायचा आबांच्या बटनांच्या फोनवर. आबा शेतात असायचे. मग त्यांना फोन करायचा. ते आकडे एकेक करून सांगत नसत, जोडीजोडीने सांगत, वजनकाट्यावर सांगतात तसे. “पंचेचाळीस... बासष्ट... सात.” सात म्हणजे सात की शून्य सात, यावर आमची दर वेळी घासाघीस. तोवर कोडची मुदत संपायची आणि दुसरा कोड यायचा. आबा म्हणायचे, “काय चोरी करून राह्यले रे तुम्ही? घडोघडी नंबर येते.” मी चिडायची ती त्या कंपनीवर. आबांवर चिडायची सोय नव्हती.

आम्ही दोघं त्यातला एकच गेम खरा मन लावून खेळलो. रेल्वेचा. गावं वसवायची, रूळ टाकायचे, गाड्या सोडायच्या. गावांना नावं आपण द्यायची, म्हणून आम्ही आमचीच दिली. माझं लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा भावाने नकाशात धुळं वसवलं आणि बोदवडहून एरंडोलमार्गे थेट धुळ्याला रूळ टाकले. खऱ्या जगात मला माहेरी जायचं तर एसटीने जळगाव गाठायचं, तिथून पुढे बघायचं. गेममध्ये मात्र मला दिवसातून कितीतरी गाड्या होत्या. सेव्ह लाँचरच्या मार्फत वर कुठेतरी साठायची आणि दोन्हीकडे दिसायची. भाऊ दुपारी खेळायचा, शेतातून आल्यावर. मी संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर. त्याने टाकलेला पूल मला दिसायचा, मी बांधलेलं स्टेशन त्याला. याबद्दल फोनवर बोलणं फारसं होत नसे. बोलण्यासारखं काय होतं त्यात, दिसत तर होतं सगळं.

फक्त दोघांना एका वेळी खेळता यायचं नाही. खातं एका माणसाचं, तेव्हा माणूसही एकच असायला हवा. कधी भावाला शेतातून यायला संध्याकाळ झाली आणि मी खेळत असताना त्याने लॉगिन केलं, की माझ्या स्क्रीनवर पाटी यायची, हे खातं दुसऱ्या संगणकावर वापरात आहे, आणि गेम बंद. की माझ्या शिव्या सुरू. माझ्या सासूबाई धुळ्याच्या, पक्की अहिराणी बोलणाऱ्या. त्या स्वयंपाकघरातून विचारायच्या, “काय व माय, आज बी तुले भाऊनी काढी टाकं का?” आणि स्वतःच हसायच्या. मीही मग लॅपटॉप मिटून भाजी चिरायला बसायची. चिडलेली असायची, पण एक कळायचं, की भाऊ घरी आला, हातपाय धुतले, चहा झाला, आता बसलाय.

आई मी शिकत असतानाच गेली होती. मागच्याच्या मागच्या वर्षी आबाही गेले. सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं वारस म्हणून लागली आणि काही महिन्यांनी हक्कसोडपत्राची तारीख ठरली. बहिणीने आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा, हे आमच्याकडे ठरलेलंच असतं. कायदा काहीही सांगो. मी बोदवडला गेले, रजिस्ट्रारच्या ऑफिसात सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. भावाने साडी घेऊन ठेवली होती. वहिनीने पुरणपोळी केली होती. सगळं रीतसर आणि गोड झालं. धुळ्याला आल्यावर शेजारणीने विचारलं, तर मी म्हणाले, मला कशाला हवी जमीन, माझी नोकरी आहे, यांची नोकरी आहे. आणि ते खोटं नव्हतं.

आता गावात माझ्या नावाचं काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते खातं, आणि तेही माझ्या नावावर नव्हतंच. पण त्यात माझा हात होता. अर्धी स्टेशनं माझी होती. मला ते खातं धरून ठेवायचं होतं आणि हे मला त्याच वेळी लख्ख कळलं.

कंपनीच्या लेखी आबा अजून आहेत. आम्ही कळवलंच नाही. त्यांच्या वाढदिवसाला सवलतीची मेल येते, त्यात त्यांना खेळाडू म्हटलेलं असतं. एकदा मी चिकाटीने त्या कंपनीचे नियम वाचले. खातं एका माणसाचं, दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, मृत्युपत्राने ठेवता येत नाही. म्हणजे वारस लावायची सोयच नाही. तलाठ्याच्या ऑफिसात चकरा मारून का होईना नाव लागतं, इथे चकरा तरी कुठे मारणार? मी विचार करत बसले. आमच्याकडे सीड्या असत्या तर काय झालं असतं? डबा मधोमध ठेवला असता. अर्ध्या तुझ्या, अर्ध्या माझ्या. रेल्वेच्या सीडीवरून भांडण झालं असतं आणि ते मी जिंकलं असतं. पण मग नकाशाही एकच राहिला नसता. त्याचा त्याच्याकडे, माझा माझ्याकडे. मग मी ज्या वस्तूला इतकी वर्षं नावं ठेवली, तिच्याचमुळे तो नकाशा एक राहिला होता का? मला हे कळेना, आणि कळेना म्हणून आणखी राग येई. कोणाचा, तेही कळेना.

तशात माझा लॅपटॉप बिघडला आणि नवा घ्यावा लागला. नव्या मशीनवर लाँचरने कोड मागितला. कोड गेला आबांच्या नंबरवर. ते सिम भावाने चालू ठेवलं होतं, जुन्या फोनमध्ये, याच कामासाठी. मी मेसेज केला, ‘कोड?’ त्याने आकडे पाठवले. एवढंच. त्याआधी आमच्यात असं कोरडं कधी नव्हतं. सही झाल्यापासून तो माझ्याशी जरा सांभाळून बोलत होता, पाहुण्यांशी बोलतात तसा, आणि त्याच्या त्या सांभाळण्यानेच माझं डोकं फिरत होतं. मी गावीही गेले नव्हते. दिवाळीला काही ना काही निमित्त काढलं.

एक दिवस त्याचा फोन आला. हवापाण्याचं बोलून झालं. मग घसा खाकरून म्हणाला, “मी काय म्हनतो, ते गेमच्या खात्याचं काय करायचं?”

“काय करायचं म्हणजे?” मी विचारलं.

“नाही म्हंजे, आबांचा नंबर. किती दिवस चालू ठेवायचा? एकाच्या कोनाच्या तरी नावावर करून टाकू.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “त्याच्यावरही सही पाहिजे का तुला? तारीख सांग, येते.”

तिकडे नुसता विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत राहिला. मग तो “बरं, ठेवतो” म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी चुकीचं बोलले असं मला अजूनही वाटत नाही. पण बरोबर बोलले असंही धड वाटत नाही.

त्यानंतर काही दिवस मी गेम उघडला की नकाशा होता तसाच दिसायचा. नवे रूळ नाहीत, नवा पूल नाही. आणि कोणी मला बाहेरही काढेना. मी सलग खेळले, आयुष्यात पहिल्यांदा, विनाव्यत्यय. सासूबाई एकदा दारात येऊन बघून गेल्या.

मग गावातले एक ओळखीचे धुळ्याला दवाखान्याच्या कामाला आले, त्यांच्या हाती भावाने एक पाकीट पाठवलं. आत आबांचं सिम. मेसेज आला, ‘खातं तुझं. पासवर्ड पण बदलून घे. मी तोच गेम दुसरीकडून घेतला, लाँचर लागत नाही असा. फाइल उतरवून पेन ड्राइव्हला ठेवली. तू म्हणायचीस तसं.’

तू म्हणायचीस तसं! म्हणायची खरी. कापसाच्या ढिगात बसून म्हणायची, फोनवर म्हणायची, राखी बांधायला गेले तरी म्हणायची. इतकी वर्षं त्याने ते कानाआड केलं आणि नेमकं आत्ता ऐकलं. आता त्याच्याकडे असा गेम होता जो कुणाला काही विचारत नाही. आणि माझ्याकडे ते दुकान आलं होतं, सगळंच्या सगळं, एकटीच्या मालकीचं. कागदावर पाहिलं तर मी जिंकले होते. त्याने मला त्याचा हिस्सा सोडून दिला होता, साडीचोळीसुद्धा न मागता. मला आनंद व्हायला हवा होता. मी ते सिम हातात धरून ओट्याशी उभी राहिले आणि मला रडू आलं. नवरा म्हणाला, अगं गेमच आहे. मी म्हटलं, तेच तर मला कळत नाहीये, की गेमच आहे का.

मी पासवर्ड बदलला नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर चहाही न घेता फोन लावला.

“सिम भेटलं?” भावाने विचारलं.

“भेटलं.”

“मंग झालं तं. आता कोनाले काही मांगायचं काम नाही तुले.”

“मला नकोय ते.”

“काहून? तूच तं म्हने, आपली वस्तू आपल्या हातात पाहिजे.”

“म्हणत होते. आता मला कळत नाही मला काय पाहिजे ते. एकटीला नकोय एवढं कळतंय.”

मला वाटलं ठेवतो आता फोन. आणि मग मी बोलत सुटले. मी म्हणाले, जमिनीवर सही केली तेव्हा मला काही वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. मला वाईट वाटलं. जमीन नको होती मला, आजही नको आहे. पण तू एकदाही विचारलं नाहीस, देतेस का म्हणून. फक्त तारीख कळवलीस. मी आले, सही केली, पोळी खाल्ली, परत आले. कोणीच विचारलं नाही. आबा असते तर त्यांनीही विचारलं नसतं, ते मला माहीत आहे. पण तू विचारशील असं मला वाटलं होतं.

माझं बोलून झालं. तिकडे मोटार बंद झाल्याचं ऐकू आलं. त्यानेच केली असावी.

“मले वाटलं,” तो म्हणाला, “इचारलं तं तू नाही म्हनशील.”

“म्हटलंही असतं.”

“म्हनूनच नाही इचारलं.”

यावर मला हसू आलं आणि त्याच वेळी त्याचा भयंकर रागही आला. मग तो एकदम हळू आवाजात म्हणाला, “आता इचारू?”

“आता? सही झाली, नोंद झाली, आता काय विचारतोस?”

“तरी बी इचारतो.” तो म्हणाला. माझा भाऊ कोणाला काही मागणारा माणूस नाही, त्याला ते जमत नाही. “पोरी, तुहा हिस्सा मले देशील का?”

मी खिडकीशी उभी होते. खाली शाळेच्या रिक्षा सुटत होत्या, पोरांचा कालवा चालला होता. सासूबाई चहा घेऊन आल्या, माझ्याकडे बघून तशाच थांबल्या.

“विचार करून सांगते,” मी म्हणाले.

“हो,” तो म्हणाला. “सावकाश सांग.”